तीन दिवस बर्फात: आजी कुठे बसणार?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांच्या घरात शांतता म्हणून काही नसते, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त मध्येच धाकटा ‘आई, शू’ म्हणत आला होता, तेवढं कापलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला. म्युनिकमध्ये किंवा आसपास राहतो, मुलं लहान आहेत, दोन-तीन दिवस बर्फात जायचंय, स्कीइंग कुणालाच धड येत नाही. कुठे जावं? आणि त्यात ‘भारतातून आई-बाबा आलेले असतील तर?’ हा प्रश्न तर हमखास असतो.

मी काही स्कीइंगमधली तज्ज्ञ नाही. माझं बालपण सांगलीत गेलं. बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा, नाहीतर फ्रिजमधला. तेव्हा मी सांगणार आहे ते एका आईच्या नजरेतून. आम्ही एकदा सपशेल चुकलो आणि एकदा बरोबर निघालो, त्या दोन सहलींमधला फरक काय, एवढंच.

आधी चुकलेली सहल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक पाच वर्षांची, धाकटा दोनचा. नवऱ्याच्या ऑफिसमधले सगळे सोमवारी आले की स्कीइंगच्या गप्पा मारायचे. आपणही जाऊया, असं ठरलं. मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात: इंटरनेटवर बसलो आणि ‘सर्वात मोठं’, ‘सर्वात उंच’, ‘सर्वात जास्त किलोमीटर’ असं शोधलं. ऑस्ट्रियातलं एक भलंमोठं रिसॉर्ट मिळालं. नाव सांगत नाही, कारण त्यांची काहीच चूक नव्हती. ज्यांना चांगलं स्कीइंग येतं त्यांच्यासाठी ती जागा स्वर्ग असणार. आम्हाला मात्र त्या शेकडो किलोमीटरांपैकी फक्त पन्नास मीटर लागणार होते, आणि ते पन्नास मीटर कुठे आहेत हे आम्ही विचारलंच नाही.

ते होते डोंगरावर, मधल्या स्थानकाजवळ. म्हणजे रोज सकाळी आधी घर ते बसथांबा, मग स्की-बस, मग गोंडोलाची रांग, मग वर. हे सगळं मुलांचे बूट, हेल्मेट, दोन जोड स्की, डायपरची पिशवी आणि एक झोपाळू दोन वर्षांचं बाळ घेऊन. स्कीचे बूट कधी घातलेत का? पायाला प्लास्टर घालून चालल्यासारखं वाटतं. पाच वर्षांचं मूल त्यात शंभर पावलं चाललं तरी पुष्कळ.

पहिल्या दिवशी स्की-स्कूलला पोचलो तेव्हाच लेक दमली होती. त्यात आम्ही गेलो गुरुवारी. तिथल्या मुलांच्या तुकड्या रविवारी-सोमवारी सुरू झालेल्या. बाकीची मुलं चौथ्या दिवसाची, आमची पहिल्या. ती घसरत खाली जाणार आणि ही उभी. दुपारी घ्यायला गेले तर ही बर्फात बसलेली, एक हातमोजा गायब, नाक लाल, आणि उठायला तयार नाही.

आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, “ऊठ बघू, एवढे पैसे भरलेत!”

शेजारी एक जर्मन बाई उभी होती. तिला मराठी कळलं नसणार, पण सूर कळला असणार. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, मला बर्फ नाही आवडत.” सांगलीहून आलेली मी, जिला आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पडताना बघून रडू आलं होतं, तिच्या मुलीला बर्फ आवडेनासा झाला. आणि तो मी नावडता केला. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

तर, पुढे दोन वर्षं आम्ही त्या विषयाला हात लावला नाही.

या हिवाळ्यात माझी आई आली. तीन महिन्यांच्या व्हिसावर. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह भारी. तिनेच विचारलं, “अगं, इथे एवढे डोंगर आहेत म्हणता, तर बर्फ बघायला न्याल का?” मी म्हटलं, “आई, तू काय करणार तिथे? आम्ही स्कीइंग शिकायला जाणार, तू थंडीत बसून राहणार.” तर ती म्हणाली, “बसेन की. मला फक्त पोरं दिसतील अशा ठिकाणी बसव.”

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. कारण मला वाटलं, हीच परीक्षा आहे. रिसॉर्ट निवडायचं ते घरातल्या सगळ्यात चांगल्या स्कीअरसाठी नाही. निवडायचं ते घरातल्या सगळ्यात कच्च्या माणसासाठी. सगळ्यात लहान मूल आणि स्कीइंग न करणारं माणूस, हे दोघं जिथे सुखी, तिथे बाकीचे आपोआप सुखी. उलटं होत नाही.

मग आम्ही म्युनिकहून जाता येण्यासारख्या तीन जागा कागदावर मांडल्या: गार्मिश-पार्टेनकिर्शेन, झेरफाउस आणि झेफेल्ड. तिन्ही चांगल्या. आता एकेक प्रश्न घेऊन सांगते.

पहिला प्रश्न: सरावाचा उतार नेमका कुठे आहे? रिसॉर्टमध्ये एकूण किती किलोमीटर हे विसरा. युरोपात उतारांना रंग असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये त्याहून सोपा हिरवाही असतो. पण पहिल्या तीन दिवसांत मूल निळ्यावरही क्वचितच पोचतं. त्याला लागतं ते जवळजवळ सपाट मैदान आणि तिथे एक सरकता पट्टा. विमानतळावर सामानाचा असतो ना, तसा. त्याला इथे ‘त्साउबरटेपिश’ म्हणतात, म्हणजे जादूचा गालिचा. मूल त्यावर स्की घालून उभं राहतं आणि वर जातं. तो असलाच पाहिजे. काही ठिकाणी गालिच्याऐवजी दोरीला धरून किंवा टी-आकाराच्या दांड्याला टेकून वर जायचं असतं. मोठी माणसंही त्यावरून पहिल्या दिवशी पडतात. चार वर्षांच्या मुलाला ते जमणं कठीण. खुर्चीची लिफ्ट असेल तर साधारण सव्वा मीटरपेक्षा बुटक्या मुलासोबत मोठं माणूस लागतं, हेही लक्षात ठेवा.

तर, नकाशा उघडा आणि बघा: हा सरावाचा उतार गावातच आहे की गोंडोलाने वर? वर असेल तर स्कीइंग न करणाऱ्यालाही वर जायचं तिकीट लागणार. शौचालय, खाणं, विसरलेला हातमोजा, सगळ्यासाठी वरखाली.

झेरफाउस मुलांसाठी अख्ख्या आल्प्समध्ये नावाजलेलं आहे, आणि ते खरंच तसं आहे. झेरफाउस, फिस आणि लाडिस ही तीन गावं मिळून सुमारे दोनशे किलोमीटरचे उतार. मुलांचं वेगळं बर्फाचं जगच उभं केलंय. आणि एक गंमत सांगते, गावात गाड्यांची गर्दी नको म्हणून त्यांनी १९८५ मध्ये चक्क भुयारी रेल्वे बांधली. साधारण सव्वा किलोमीटर लांब, चार स्थानकं, हवेच्या गादीवर तरंगत जाणारी. एवढ्याशा डोंगरी गावात! माझ्या मुलाला रेल्वेचं वेड आहे, त्याचं मत तिथेच पडलं होतं. पण झेरफाउसमधला मुलांचा मोठा भाग मधल्या स्थानकावर आहे, साधारण दोन हजार मीटरच्या आसपास. आईला रोज गोंडोलाने वर नेणं मला जड वाटलं. आठवडाभर राहणार असतो आणि आई नसती, तर मी डोळे झाकून तिथे गेले असते.

दुसरा प्रश्न: दारातून दारापर्यंत किती वेळ? सात दिवसांच्या सहलीत सहा तासांचा प्रवास चालून जातो. तीन दिवसांच्या सहलीत तो एक दिवस खातो. आणि नकाशा सांगतो तो वेळ खरा नसतो. सुट्ट्यांच्या शनिवारी अर्धं जर्मनी आणि अर्धं हॉलंड रस्त्यावर असतं, कारण बहुतेक हॉटेलं आणि घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात. झेरफाउसच्या वाटेवर फर्नपास नावाची खिंड आहे. तिचं नाव शनिवारी सकाळी रेडिओवरच्या वाहतुकीच्या बातम्यांत हटकून येतं. स्वतःची गाडी असेल तर ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि तिथल्या महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, घ्यावा लागतो.

आमच्याकडे आता गाडी नाहीये. म्हणून मी रेल्वे असलेली जागा शोधली. गार्मिश म्युनिकहून जवळपास दीड तास. झेफेल्ड त्याच मार्गावर पुढे, मिटेनवाल्ड ओलांडलं की ऑस्ट्रियात. एकूण साधारण अडीच तास धरा. मुख्य म्हणजे झेफेल्डचं स्टेशन गावाच्या मधोमध आहे. उतरलात की पोचलात. आणि मिटेनवाल्डच्या आसपास खिडकीतून जे डोंगर दिसतात, ते बघताना आईने तीनदा “अगंबाई” म्हटलं. मी मोजलं.

तिसरा प्रश्न: बर्फ असणार का? उंची वाढली की हवा थंड होते, साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी. म्युनिक सव्वापाचशे मीटरवर. झेफेल्ड बाराशेच्या आसपास. म्हणजे म्युनिकमध्ये दोन अंशांवर पाऊस पडत असेल तेव्हा झेफेल्डमध्ये तापमान शून्याच्या खाली असण्याची शक्यता बरीच. हा ढोबळ हिशेब आहे, कधीकधी थंड हवा दरीत साचून उलटंही होतं. गार्मिश सातशे मीटरवर आहे, त्यामुळे तिथे गावात बर्फ टिकेलच असं नाही. वर त्सुगश्पित्सं आहे, जर्मनीतलं सर्वात उंच शिखर, २९६२ मीटर. तिथल्या हिमनदीवर बर्फ भरपूर. पण तिथे लहान मुलाला आणि आईला घेऊन अख्खा दिवस काढणं वेगळं, आणि एकदा जाऊन बघून येणं वेगळं. कृत्रिम बर्फाची यंत्रं बऱ्याच ठिकाणी आहेत, पण त्यांनाही थंडी लागतेच. म्हणून निघण्याआधी रिसॉर्टच्या कॅमेऱ्यावर थेट चित्र बघा. जाहिरातीतला फोटो मागच्या कुठल्या तरी चांगल्या वर्षाचा असतो.

चौथा प्रश्न: कधी जायचं? मूल किंडरगार्टनमध्ये असेल तर तुम्ही राजे आहात. ६ जानेवारीची सुट्टी संपली की गर्दी ओसरते, दर उतरतात. थंडी मात्र जास्त आणि दिवस छोटा. मार्चमध्ये ऊन छान, पण दुपारी बर्फ मऊ होतो. मूल शाळेत गेलं की मात्र हात बांधले. बायर्नमध्ये मग नाताळ, फाशिंगची सुट्टी आणि ईस्टर. आमची लेक आता शाळेत, म्हणून फाशिंगचा आठवडा. त्याच सुमारास ऑस्ट्रियातल्या शाळांनाही सुट्ट्या असतात, वेगवेगळ्या प्रांतांना वेगवेगळ्या आठवड्यात. त्यामुळे लवकर बुकिंग. आम्हीही तेच केलं.

आणि इथे एक युक्ती. आम्ही शनिवार टाळला. रविवारी दुपारी निघालो, बुधवारी संध्याकाळी परत. तीन रात्री. रविवारी दुपारी डोंगराकडे जाणारी गर्दी कमी. आणि मागच्या वेळची चूक आठवतीये ना? तुकड्या रविवारी-सोमवारी सुरू होतात. आमची दोघं सोमवारी सकाळी सगळ्या नवशिक्यांबरोबर पहिल्या दिवसाची होती. तुम्हाला गुरुवार ते रविवारच जमणार असेल, तर स्की-स्कूलला आधी ईमेल करून विचारा: नवशिक्यांना मधल्या दिवशी घेता का? नाही म्हणाले तर दोन तास खाजगी शिक्षक घ्या. महाग आहे, पण तीन दिवस रडण्यापेक्षा स्वस्त. बहुतेक शाळा तीन-चार वर्षांपासूनची मुलं घेतात. डायपर नसावा, अशी अट अनेकदा असते.

पाचवा प्रश्न, जो खरं तर पहिला आहे: स्कीइंग न करणाऱ्याने दिवसभर करायचं काय? इथे झेफेल्ड जिंकलं. ते पठारावर वसलेलं आहे. म्हणजे गावात चढउतार कमी, चालायला सोपं. १९६४ आणि १९७६ ची हिवाळी ऑलिंपिक इन्सब्रुकला झाली, तेव्हा सपाटीवरच्या स्कीइंगच्या शर्यती झेफेल्डला झाल्या होत्या. आजही ते त्यासाठीच ओळखलं जातं. सपाटीवरच्या स्कीइंगचे दोनशे किलोमीटरहून जास्त मार्ग आणि चालण्यासाठी साफ केलेले बर्फातले रस्ते वेगळे. छोटं तळं आहे, घोड्यांची गाडी आहे, मधोमध दुकानं आणि कॅफे. उतारांवरचं स्कीइंग मात्र त्या मानाने छोटं आहे. रोसह्युट आणि ग्श्वांटकोप्फ हे दोन भाग, आणि गावालगत गायगेनब्युहेल नावाचा नवशिक्यांचा उतार. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक हसले. “झेफेल्ड? तिथे काय स्कीइंग करणार?” मी म्हटलं, आम्हाला पन्नास मीटर हवेत, ते तिथे आहेत.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगते.

सोमवारी सकाळी आम्ही चालत उतारापाशी गेलो. बस नाही, गोंडोला नाही. बूट आदल्या संध्याकाळीच भाड्याने घेऊन ठेवले होते. हे नक्की करा, सकाळी साडेनऊला दुकानात अख्खं गाव असतं. मुलाच्या स्कीची उंची नवशिक्यासाठी छाती ते हनुवटीपर्यंत. बुटात एकच मोजा, लांब आणि पातळ. आपण काय करतो, थंडी वाजेल म्हणून दोन-दोन जाड मोजे घालतो. त्याने पाय आवळला जातो आणि उलट जास्त गारठतो. माझ्या आईने लोकरीचे मोजे विणून आणले होते. ते मी तिलाच घालायला लावले, तर जरा हिरमुसली. हेल्मेट अर्थातच. ऑस्ट्रियाच्या बहुतेक प्रांतांत १५ वर्षांखालच्या मुलांना ते सक्तीचं आहे, पण कायदा नसला तरी घालाच. गॉगल आणि सनस्क्रीनही. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन सावळ्या कातडीलाही भाजतं, मी अनुभवलंय.

आईसाठी दोन गोष्टी घेतल्या होत्या. एक, बुटाला खालून लावायचे रबरी पट्टे, ज्यांना खिळे असतात. क्रीडासाहित्याच्या दुकानात सहज मिळतात. बर्फापेक्षा धोका बर्फ वितळून पुन्हा गोठलेल्या फुटपाथचा असतो. अडुसष्टाव्या वर्षी पडणं परवडत नाही. दुसरी, बसायला घडीची गादी. बाक थंडगार असतात.

आणि कागदपत्रांचं एक. शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियातही चालतो, वेगळा काढावा लागत नाही. पण पासपोर्ट बरोबर हवाच. जर्मनीत परत शिरताना गाडीत तपासणी होऊ शकते. तुमचं रहिवासी कार्डही ठेवा. व्हिसासाठी काढलेल्या विम्यात हिवाळी खेळ धरलेत का, तेही वाचून घ्या. आई स्कीइंग करणार नव्हती, पण मुलांच्या आणि आमच्या विम्यात मी खास बघितलं, की डोंगरावरून खाली आणण्याचा, विशेषतः हेलिकॉप्टरचा, खर्च धरलाय का. ऑस्ट्रियात खेळताना झालेल्या अपघातात तो साध्या आरोग्य विम्यातून मिळेल असं धरून चालू नका. जर्मन अल्पाइन क्लबच्या सदस्यत्वात असा विमा येतो, आम्ही तो मार्ग घेतला. इटलीला जाणार असाल तर तिथे २०२२ पासून, तुमच्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा उतारावर बंधनकारक आहे.

बरं. तर आई गादी टाकून बसली. हातात चहाचा थर्मास. समोर सरावाचा उतार. मुलांची शिक्षिका त्यांना शिकवत होती: पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे पिझ्झाचा तुकडा. तसं केलं की वेग कमी होतो. आणि दोन्ही स्की समांतर ठेवल्या की ‘पोमेस’, म्हणजे फ्राइज, मग वेग वाढतो. धाकट्याला हे फार आवडलं. दिवसभर तो “पिझ्झा! पोमेस!” ओरडत होता. आईला वाटलं त्याला भूक लागलीये. तिने पिशवीतून चकली काढली.

लेक मात्र गप्प होती. पहिला तास ती गालिच्याच्या खाली उभी. मी लांबून बघत होते आणि माझ्या पोटात गोळा. मागच्या वेळचं सगळं आठवलं. मी पुढे निघाले, तर आईने माझा हात धरला. म्हणाली, “तू जाऊ नकोस. ती माझ्याकडे बघतीये.”

खरंच बघत होती. लेक दर थोड्या वेळाने मान वळवून बाकाकडे बघायची. आजी हात हलवायची. बस, एवढंच. ओरडणं नाही, “कर की” नाही. पाऊण तासाने ती गालिच्यावर चढली. वर गेली. वरून पुन्हा एकदा बघितलं. आणि पिझ्झा करत, पाय फाकवून, हळूऽऽहळू खाली आली. थांबली ती जाळीला धडकून. उठली आणि पहिलं वाक्य काय, तर “आजी, बघितलंस?”

मी तिथे तोंड फिरवून उभी राहिले. थंडीने डोळ्यांत पाणी येतं, असं सांगितलं.

मंगळवारी दुपारी तिचं पुरे झालं. “आज बास,” म्हणाली. आणि मी, जिने दोन वर्षांपूर्वी पैशांचा हिशेब काढला होता, मी म्हटलं, “बरं, बास.” कारण आम्ही पूर्ण लिफ्टपास घेतलाच नव्हता. सरावाच्या उताराचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वेगळं आणि स्वस्त मिळतं. पहिल्या दोन दिवसांत तेवढंच घ्या. पैसे कमी अडकले की आवाजही कमी चढतो. हे मी अगदी मनापासून सांगतेय. मग आम्ही सगळे तळ्याभोवती चालायला गेलो, आणि आईने आयुष्यातला पहिला बर्फाचा गोळा करून जावयाला मारला. वर “सॉरी हं” पण म्हणाली.

राहायला आम्ही हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं. दुपारी बाहेर काइझरश्मारन, म्हणजे तुकडे केलेला गोड, फुगीर पॅनकेक, किंवा चीज घातलेले श्पेत्झले. शाकाहारी लोकांचं त्यावर भागतं, अंडं चालत असेल तर. संध्याकाळी घरी मुगाची खिचडी. एकच सूचना: फोडणी करताना खिडकी उघडा. धुराचा अलार्म वाजला की शेजारचे सगळे स्वेटर घालून बाहेर येतात. कसं माहीत, ते विचारू नका.

शेवटी उतारावरचा एक नियम, मुलांना पहिल्याच दिवशी शिकवण्यासारखा. जगभर मानले जाणारे दहा नियम आहेत, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो असा: जो पुढे, म्हणजे खाली आहे, त्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून वाट काढायची. मी तो ऐकला तेव्हा वाटलं, हा फक्त उतारावरचा नियम नाही, घरातून निघतानाच लावायला हवा होता. आमच्यात पुढे होती ती सात वर्षांची, घाबरलेली मुलगी. सांभाळून घ्यायचं होतं ते आम्ही.

तर थोडक्यात, बुकिंगच्या आधी कागद घ्या आणि पाच उत्तरं लिहा. सरावाचा उतार गावात आहे का, आणि तिथे सरकता पट्टा आहे का? दारातून दारापर्यंत तीन तासांच्या आत पोचतो का? गाव किती उंचावर आहे, आणि आज कॅमेऱ्यात काय दिसतंय? मुलांची तुकडी ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी आपण तिथे आहोत का? आणि आजी कुठे बसणार? पाचव्याचं उत्तर सापडलं की बहुतेक वेळा बाकीच्या चारांचंही सापडतं. आजी नसेल तरी हा प्रश्न विचारा. कुणीतरी बसणारं असतंच. पहिल्या दिवशी तर ते मूलच असतं.

आई मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत गेली. लोकरीचे मोजे इथेच ठेवून गेलीये, “पुढच्या वर्षी लागतील” म्हणून. लेकीने शाळेत सुट्टीचं चित्र काढलं. त्यात डोंगर आहे, गालिचा आहे, आणि एका कोपऱ्यात बाकावर नऊवारी नेसलेली बाई. माझी आई नऊवारी नेसत नाही, तिथे तर ती माझं जाड जॅकेट घालून बसली होती. पण असू दे.

तुम्ही म्युनिकला नसाल, झुरिच, टोरांटो, डेन्व्हर कुठेही असाल, आणि तुमच्या जवळ अशी बाकावरून मुलं दिसणारी जागा असेल, तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर काळजी घ्या, एकच मोजा घाला. भेटूया.